डाळिंबी खणाचा ब्लाउज

"मापाचा ब्लाउज कुठाय?" मी विचारलं.

"विसरले गं," पद्मजा म्हणाली. "पण हवाय कशाला? तुझ्या मापाचा शीव की. आपलं माप एकच आहे. गॅदरिंगला नाही का मी तुझा ब्लाउज घालून स्टेजवर गेले होते?"

तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं माझ्या मशीनवर ठेवलं. मी ते सोडलं. डाळिंबी रंगाचा खण, काठाला बारीक पिवळी वेल. आमच्या घरी ब्लाउज शिवायला बायकांची रांग असायची, पण असा खण वर्षभरात मशीनवर आला नव्हता.

"कुठनं आणलास?"

"मामीनं पाठवला बागलकोटहून. शनिवारी निवड आहे ना. शुक्रवारपर्यंत होईल?"

उत्तर आईनं दिलं. आई कॉटवर बसली होती, उजव्या हाताची तर्जनी पांढऱ्या पट्टीत. चारच दिवसांपूर्वी मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती. "होईल की. शालन शिवेल. तिचा हात आता माझ्यापेक्षा साफ चालतो. शालन, मार्जिन सोड बरं का भरपूर. तुझाच समजून शीव."

यावर आई आणि पद्मजा एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, माझ्यावरच हसल्या. तसंही त्या दिवसांत जगातलं प्रत्येक हसणं माझ्यावरच आहे असं मला वाटायचं, आणि त्यातलं निम्मं पद्मजाचं असायचं.

आता पद्मजा कोण ते सांगते. पद्मजा मगदूम. जयसिंगपूरची, वडील डॉक्टर. आमच्या इचलकरंजीत आत्याकडे राहून कॉलेज करायला आली. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, ती पहिल्या. ती येईपर्यंत कॉलेजचा आवाज म्हणजे शालन तारळेकर. पाहुणे आले की स्वागतगीत मी, पंधरा ऑगस्टला मी, युवक महोत्सवासाठी पुढच्या वर्षी मीच जाणार हे शिपायालासुद्धा माहीत. मग ही बया आली. पहिल्याच दिवशी संगीताच्या खोलीत देशिंगकर सरांनी तिला सा लावायला सांगितला. तिनं लावला आणि धरून ठेवला. सर चहा पीत होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, रुमालानं मिशा पुसल्या, तरी हिचा सा चालूच.

"वा," सर म्हणाले. "याला म्हणतात दमसास. एका श्वासात केवढं गाते पोरगी."

मला सरांनी वर्षभरात एकदाही 'वा' म्हटलं नव्हतं. 'बरं आहे' म्हणायचे.

त्या दिवसापासून मी पद्मजाच्या मागं बसून तंबोरा छेडायला लागले. आणि वैताग असा, की ती माझी मैत्रीण झाली. तिरस्कार करावा तर तसं काही करायचीच नाही ती. डब्यातली शेंगाची पोळी आधी माझ्यापुढं करायची. माझं चुकलं तर सरांच्या आधी डोळ्यांनी सांगायची. असल्या माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं हो, कारण तो आतल्या आत करावा लागतो.

हा खण आला त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते. युवक महोत्सवात शास्त्रीय गायनाला कॉलेजची एकच जागा. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जेवताना साधं सांगून टाकलं होतं, "ह्या साली तुझं नाव आलं तर पुढं शीक गाणं, मी आड येणार नाही. पण नुसता तंबोराच छेडायचा असेल तर त्यापेक्षा आईला शिलाईला हात लाव." अण्णा मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांना ऐकायला कमी यायचं, पण जे बोलायचे ते ठरलेलं असायचं. त्यामुळे शनिवारची ती पंधरा मिनिटं म्हणजे माझं गाणं राहणार की जाणार, एवढा साधा मामला होता.

आणि घालायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

सरांनी वर्गात बजावलं होतं. "बाहेरून परीक्षक बाई येणार आहेत. सादरीकरणाला दहा गुण आहेत. मुलींनी साडी नेसायची. बांगड्या वाजायला नकोत. आणि शाळेच्या परिपाठाला आल्यासारखं कुणी येऊ नका." आईची एक काळी इरकल होती, लाल पदराची. साडी अजून चांगली होती. पण तिच्यावरचा ब्लाउज काखेत विरला होता, आईनं त्याला दोनदा ठिगळ लावलं होतं. मग राहिला पांढरा, कॉलेजच्या एनसीसीच्या कार्यक्रमाला शिवलेला. काळ्या इरकलीवर पांढरा ब्लाउज! मी आरशासमोर धरून बघितला आणि गुंडाळून फेकून दिला. आणि पद्मजाला बघा, आत्याची राखाडी इरकल आधीच तयार, वर मामीनं खण पाठवलेला, आणि तो शिवणार कोण? तर मी.

गुरुवारी दुपारी आई बोटाची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली. मी खण कापला. माझंच माप होतं, वही काढायचीसुद्धा गरज नव्हती. पाठ कापली, पुढचे भाग कापले, बाह्या कापल्या. बाजूची शिवण घालायला बसले तेव्हा माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला.

खरं सांगते, आधी काही ठरवलं नव्हतं. पण हातात कापड होतं आणि डोक्यात तिचा तो सा होता. मला एकदम कळलं की तो सा कुठून येतो. छाती भरून श्वास घेतल्याशिवाय तो येत नाही. आणि खण काही ताणत नाही. साधं सुती कापड तरी थोडं सैलावतं, खण म्हणजे पुठ्ठाच.

मी खडूनं आखलेली रेघ सोडली आणि पाव इंच आत टीप मारली. मग दुसऱ्या बाजूला पाव इंच. पुढचा आणि मागचा भाग धरून घेरात एकूण एक इंच कमी. अंगात घातला की बसेल, हुकं लागतील, आरशात तर उलट चापूनचोपून छानच दिसेल. फक्त खोल श्वास घ्यायला गेलं की अडेल.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ म्हणता आलं असतं की चुकलं. पण मी शिवणारणीची मुलगी. मला माहीत होतं, ब्लाउज घट्ट झाला की बायका काय करतात. आतली टीप उसवतात आणि मार्जिनमधून अर्धा इंच सोडून नवी टीप मारतात. दहा मिनिटांचं काम. म्हणून मी कात्री घेतली आणि दोन्ही बाजूंचं मार्जिन टिपेच्या कडेकडेनं कापून टाकलं. दोन दोऱ्यांपुरतं ठेवलं, नाहीतर उसवून हातात आलं असतं. डाळिंबी रंगाच्या दोन पट्ट्या निघाल्या. त्या चिंध्यांच्या पिशवीत अगदी तळाशी खुपसल्या.

आई आली. पहिलं वाक्य, "मार्जिन सोडलंस?"

"सोडलंय," मी म्हणाले.

बोट दुखत होतं म्हणून तिनं ब्लाउज हातात घेऊन बघितला नाही. एरवी ती प्रत्येक ब्लाउज उलटा करून शिवण बघायचीच.

शुक्रवारी पद्मजा आली. आता ही घालून बघणार आणि सगळं उघडं पडणार. पण घालून बघ असं म्हटल्याशिवाय राहताही येईना, गिऱ्हाइकाला आम्ही नेहमीच म्हणायचो.

"घालून बघतेस?"

"कशाला? तू शिवलायस ना," ती म्हणाली आणि पुडकं पिशवीत टाकलं. वर माझा गालगुच्चा घेतला. "उद्या मजा येणार आहे बघ."

मजा! रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि ते पश्चात्तापानं अजिबात नाही. उद्या तिचा सा कुठं तुटेल याचा मी अंदाज बांधत होते.

शनिवारी दोन वाजता हॉलवर पोचले. काळी इरकल, पांढरा ब्लाउज, पदर होता होईल तेवढा खांद्यावर ओढलेला. देशिंगकर सर दारातच उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शालन, प्रार्थना म्हणायला आलीस का?"

आजूबाजूची चार पोरं फिस्सकन हसली. मी तडक लेडीज रूममध्ये गेले. तिथं पद्मजा माझी वाटच बघत बसली होती. राखाडी इरकल नेसली होती आणि ब्लाउज... ब्लाउज हिरवा. जुना, खणाचाच, आमच्या आईनंच गेल्या दिवाळीत तिला शिवून दिलेला.

"अगं, तो डाळिंबी का नाही घातलास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं पिशवीतून पुडकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "कारण तो तुझा आहे. मामीला मुद्दाम सांगून मागवला, काळ्या इरकलीवर उठून दिसेल असा. काकूंना माहीत होतं सगळं. त्याच म्हणाल्या, तिला आधी सांगू नकोस, घेणार नाही ती. म्हणून तुझ्याकडूनच तुझा शिवून घेतला. आहे की नाही डोकं?"

ती टाळ्या वाजवून हसायला लागली. मी तिथंच उभी. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. मला तिचा आणखी राग आला. देणारी पण हीच का? सगळं हिच्याकडंच का?

"घाल की लवकर. तुझा पाचवा नंबर आहे, माझा सहावा. चौथी मुलगी आत गेली."

खोलीत आणखी दोन मुली होत्या, त्याही "अय्या, किती सुंदर" करत जवळ आल्या. काय सांगणार? पांढरा काढून टेबलावर ठेवला. डाळिंबी घातला. एकेक हूक लावताना पोट आत ओढावं लागलं. आरशात बघितलं तर काळ्यावर डाळिंबी असा उठला होता की माझी मलाच दृष्ट लागावी. मग मी हळूच सा लावून बघितला. श्वास अर्ध्यावर आला आणि बरगड्यांशी अडला. पुन्हा घेतला. पुन्हा अडला. बडा ख्याल कसा गाणार होते मी? अण्णांचा चेहरा डोळ्यापुढं आला.

"काय झालं गं? घट्ट होतोय?" पद्मजानं विचारलं.

"थोडा."

"स्वतःच्या मापाचा घट्ट? बाईसाहेब, जाड झालाय तुम्ही." तिनं माझ्या कमरेला चिमटा काढला. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि चिडवायचं थांबली. "श्वास घेता येत नाही का तुला?"

मी मान हलवली.

तिनं टेबलावरच्या पांढऱ्या ब्लाउजकडं बघितलं. "तो नको. सर पुन्हा काहीतरी बोलतील आणि तू रडत गाशील. असं कर, माझा घाल. हा सैल आहे. सगळ्या इरकलींचा पदर लालच, हिरवाही चालतो. मी हा डाळिंबी घालते."

"आणि तुला?"

"मला बसेल. काविळीनंतर वाळलेय मी. दोन महिन्यांत किती उतरलेय बघ की."

ती उतरली होती, पण एक इंच नाही. मला माहीत होतं. दिवसभर बायकांची मापं घेणाऱ्या घरात वाढलेय, डोळ्यानं अर्धा इंच ओळखते. 'पद्मजा, नको, तुलाही होणार नाही तो, मी पांढराच घालते,' एवढंच म्हणायचं होतं. पांढरा ब्लाउज हाताच्या अंतरावर पडला होता. त्याच्यावर फार तर दहातले चार गुण गेले असते.

आयुष्यात एखादी चूक दुरुस्त करायची संधी अशी ताटात वाढून समोर येत नाही. मला आली होती. मी हुकं काढायला लागले.

"थांब, मी मदत करते," ती म्हणाली आणि तिचा हिरवा ब्लाउज काढून मला दिला. अजून तिच्या अंगाची ऊब होती त्याला.

"तारळेकर!" बाहेरून सरांची हाक आली.

मी गायले. भीमपलास गायले, आणि आता वय झाल्यावर निवांतपणे सांगते, बरी गायले. त्या हिरव्या ब्लाउजात कुठंही काही काचत नव्हतं. श्वास बेंबीपासून येत होता आणि हवा तिथं जात होता. परीक्षक बाई सुरुवातीला वहीत काहीतरी लिहीत होत्या, नंतर पेन ठेवून नुसत्या ऐकत बसल्या. देशिंगकर सर खाली बघून मान हलवत होते. संपल्यावर ते म्हणाले, "वा." दोन वर्षांनी, एकदाचं.

आमच्याकडं निवडीची एक पद्धत होती. ज्याचं गाणं झालं त्यानं उठायचं नाही, मागं सरकून पुढच्याला तंबोऱ्याची साथ करायची. चौथीनं मला केली होती. आता मला पद्मजाला करायची होती.

ती यायला वेळ लागला. सरांनी दोनदा हाक मारली. मग आली. पदर दोन्ही खांद्यांवरून पांघरून घेतलेला, हात अंगाशी घट्ट धरलेले. माझ्यापुढं बसताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, धीर खचलाय.

तिनं सा लावला. मी मागं तंबोरा छेडत मनात आकडे म्हणत होते, नेहमी म्हणायचे तसे. एरवी ती मला वीसपर्यंत न्यायची. आज आठाला तुटला. तिनं पुन्हा घेतला. पुन्हा आठ. मला मागून तिची पाठ दिसत होती, पदराखाली खांदे वर जाताना आणि अडून खाली येताना दिसत होते. आलापात ती जिथं एका श्वासात जायची तिथं तिला तीनदा थांबावं लागलं. तान अर्ध्यात सोडून समेवर आली, कशीबशी. सूर एकही चुकला नाही हं. गळा तसाच, मधासारखा. फक्त दम नव्हता.

आणि मला काय वाटत होतं? वाईट वाटलं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला आत कुठंतरी गोड वाटत होतं. आठ. पुन्हा आठ. मग सात. माझी बोटं तंबोऱ्यावर एवढी सुरेख चालली होती की परीक्षक बाईंनी दोनदा माझ्याकडं बघितलं.

संपल्यावर बाई म्हणाल्या, "मुली, गळा फार सुरेल आहे तुझा. पण श्वास पुरत नाही. आजारी होतीस का?"

पद्मजानं पदर आणखी ओढून घेतला. मग म्हणाली, "हो बाई. कावीळ झाली होती."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिला तसंच वाटतंय तर. आपल्या आजारपणामुळं झालं असं तिनंच ठरवून टाकलंय.

पाच वाजता निकाल सांगितला. शालन तारळेकर. राखीव म्हणून, आणि तंबोऱ्याच्या साथीला, पद्मजा मगदूम. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी धावतच लेडीज रूममध्ये गेले, ब्लाउज बदलायचा होता.

पद्मजा तिथं माझा पांढरा ब्लाउज घालून उभी होती. डाळिंबी तिनं घडी करून हातात धरला होता. घडी उलटी होती, आतली बाजू वर.

"अभिनंदन," ती म्हणाली. खरंच म्हणाली, तोंड वाकडं न करता.

"तू पांढरा का घातलास?"

"तो अंगावर ठेववेना म्हणून. मघाशीच बदलला असता, पण सरांची हाक आली." तिनं डाळिंबी ब्लाउज माझ्यापुढं केला. काखेखाली बाजूची शिवण दोन बोटं उसवलेली होती आणि तिथं सेफ्टी पिन लावलेली होती. "तू गात होतीस तेव्हा बाथरूममध्ये जाऊन उसवायला बघितला. म्हटलं, अर्धा इंच सोडला की भागेल. काकू नेहमी भरपूर सोडतात ना आत." तिनं शिवण फाकवून दाखवली. "आत काही नव्हतंच, शालन."

मी हिरव्याच्या हुकाशी चाळा करायला लागले.

"खण अपुरा पडला का?"

मला वाट काढून देत होती ती. तिथंसुद्धा. आणि मी ती घेतली. "हो," म्हणाले. "पन्हा लहान असतो ना खणाचा."

तिनं मान डोलावली. मग उसवलेली शिवण उजेडाकडं धरली. कात्रीनं कापलेली कड तिथं अजून स्वच्छ दिसत होती.

"तुला कुठं माहीत होतं हा तुझा आहे ते," ती म्हणाली. "तू तर माझा म्हणून शिवत होतीस."

एवढंच बोलली. ब्लाउज माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि गेली. माझा पांढरा ब्लाउज तिच्या अंगावर, तिचा हिरवा माझ्या अंगावर. म्हणजे स्टेजवर बसायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. पिन लावून, पदर पांघरून ती माझ्यापुढं येऊन बसली होती, आणि बाईंना कावीळ म्हणून सांगितलं होतं.

घरी आईनं पेढे आणून ठेवले होते. अण्णा हसत होते, त्यांना हसताना बघायची आम्हाला सवय नव्हती. आईनं कौतुकानं डाळिंबी ब्लाउज मागितला. मला नाही म्हणता आलं नाही. तिनं सवयीनं उलटा केला. पट्टीचं बोट शिवणीवरून एकदा फिरवलं, मग दुसऱ्या बाजूनं फिरवलं. माझ्याकडं बघितलं. मग घडी करून कपाटात ठेवला आणि अण्णांना पेढा दिला. पण तिचं बोट बरं होईपर्यंतच्या तीन आठवड्यांत तिनं आलेली सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. मला एकही ब्लाउज शिवायला दिला नाही, आणि त्यानंतर कधीच दिला नाही.

महिन्याभरानं कोल्हापूरला युवक महोत्सव. मधल्या महिन्यात पद्मजा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तालमीला वेळेवर यायची, तंबोरा लावायची, जायची. डबा आणायची नाही. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तिनं तंबोऱ्याची खुंटी पिळायला घेतली.

महोत्सवाच्या दिवशी विंगेत मी काळी इरकल नेसून, आईनं रात्रीत शिवून दिलेला नवा ब्लाउज घालून बसले होते. साधा निळा. आईनंच तो पिशवीत ठेवला होता. चांगला बसत होता. पण मला उगाचच वाटत होतं की तोही काचतोय.

पद्मजा तंबोरा घेऊन आली. खाली ठेवला, पिशवीत हात घातला आणि तो हिरवा ब्लाउज काढला. धुऊन, इस्त्री करून. निवडीच्या दुसऱ्याच दिवशी मी तो तिच्या आत्याकडं पोचवला होता.

"हा घाल," ती म्हणाली. "याच्यात तू चांगली गातेस."

मी तिच्याकडं बघितलं. टोमणा असता तर किती बरं झालं असतं! मी शोधला, तिच्या डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, सगळीकडं शोधला. नव्हता. कॉलेजचं नाव यावं असं तिला वाटत होतं, आणि माझं गाणं चांगलं व्हावं असंही वाटत होतं. ती मला माफ करत नव्हती, ते तिच्या आवाजात स्पष्ट होतं. तरी देत होती.

"तू का असं करतेस?" मी विचारलं. रडकुंडीला आले होते.

"लवकर बदल. नाव पुकारतायत."

मी पडद्यामागं जाऊन बदलला. हुकं लावता लावता बोट आतल्या बाजूला गेलं. दोन्हीकडं दोन-दोन बोटं मार्जिन, आईच्या हातची बारीक टीप. मी स्टेजवर गेले, बसले. मागं पद्मजानं तंबोरा छेडायला सुरुवात केली, अगदी सुरात, एकही तार पुढं-मागं नाही. मी डोळे मिटले आणि श्वास घेतला. तो खाली, पार तळापर्यंत गेला, कुठंही अडला नाही. मला तिचा हेवा वाटला, इतका, की आधीचं सगळं त्यापुढं पोरखेळ होता. गळ्याचा नाही वाटला, दमाचाही नाही. माझ्या पाठीमागं बसून इतकं स्वच्छ वाजवता येणाऱ्या त्या हातांचा वाटला.

मग मी सा लावला. मागं ती मनात आकडे म्हणत असेल का, एवढंच डोक्यात होतं.